प्राजक्ताचा उजवा गाल

६ डिसेंबर, शनिवार

लॅपटॉप शेवटी वठणीवर आला. किती दिवस डोकं खाल्लं त्यानं. खिडकी सरकवली की तिचा ठसा मागे तसाच राहायचा. व्हिडिओ लावला की चित्र मधोमध आडवं फाटायचं, कपाळ इकडे अन् हनुवटी तिकडे. आईचं एकच पालुपद, लिनक्स काढून टाक, लोकांच्या घरी असतं तसं टाक. हव, टाकते. आज ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फाइलमध्ये दोन ओळी घातल्या, ब्राउझरमध्ये व्हिडिओ उलगडायचं काम प्रोसेसरकडून काढून ग्राफिक्स कार्डाकडे दिलं, रीस्टार्ट केलं. जुनी क्रिकेट मॅच लावून पाहिली. फाटणं बंद, एकदम गुळगुळीत.

निखिल मागून डोकावला. "मस्त है ताई." या घरात मला मिळणारी शाबासकी एवढीच, तीही हिंदीत.

घाई उद्यासाठी. उद्या निखिलचे कांदेपोहे, या लॅपटॉपवर. मुलगी अकोल्याची, प्राजक्ता नाव, शाळेत गणित शिकवते. स्थळ कानडे काकूंचं. रायपूर ते अकोला आपल्यातली निम्मी लग्नं काकू जुळवतात अन् उरलेली मोडतात. पत्रिका पाहून झाली, गुण भरपूर.

धाकट्याचं आधी होऊन राहिलं. मोठीचं काय, हे आता कोणी विचारत नाही. नकोच विचारू.

७ डिसेंबर, रविवार

काय दिवस होता.

आई चांगलं पातळ नेसून लॅपटॉपसमोर. मधे निखिल. बाबा मागे खुर्चीत. (बाबा रेल्वेतून रिटायर झाले त्या दिवशी बोलण्यातूनही रिटायर झाले.) पोहे दोन्हीकडे केलेले. आईनं आपली प्लेट कॅमेऱ्याला दाखवली, तिकडून त्यांनीही दाखवली. मी बाजूला बसून माऊसवर हात ठेवून.

मुलगी बरी. बोलते नीट, पटकन हसते, उगाच मान खाली घालत नाही. निखिलनं छंद विचारला तर म्हणाली, मुलांचे पेपर तपासणं, दुसऱ्या कशाला वेळच मिळत नाही. बाबा हसले. बाबा!

मग दिसलं. उजव्या गालावर पांढरा चट्टा. कडा वेड्यावाकड्या. तिनं मान वळवली तसा तो गालासोबत वळला. मानेवर एक. चहाचा कप उचलला तर हातावर.

मी फोनवर लिहिलं, "उजवा गाल बघ", अन् आईच्या मांडीवर सरकवला. आईनं वाचलं, पाहिलं, अन् हसत हसत तिच्या आईला पोह्यांत शेंगदाणे घालता की नाही ते विचारत राहिली. मानलं बाईला.

कॉल बंद झाल्यावर आई म्हणाली, "कोड आहे पोट्टीले. लपवून राहिले लोक."

निखिल म्हणे लाइट होगी. आईनं त्याला गप्प केलं. लाइट काय गालावर, मानेवर, हातावर सोबत फिरते? अन् खाली कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत आपण सगळे कसे नीट दिसत होतो? त्याच स्क्रीनवर? मीच तो मुद्दा काढला. मीच.

आई रात्रीच्या जेवणाला म्हणाली, शुभा होती म्हणून वाचलो. किती वर्षांनी माझ्याबद्दल असं काही म्हणाली ती. भाजी दुसऱ्यांदा वाढली. अन् खरं लिहायचं तर, ती पोट्टी नाकारली जाणार याचं मला बरं वाटलं. मला पाच घरांनी पाहिलं. हसरी ती, पटपट बोलणारी ती, तिनंही एकदा बघावं कसं लागतं ते.

८ डिसेंबर, सोमवार

आईनं काकूंना कळवलं: पत्रिका जुळत नाही. आपल्यात नाही म्हणायची हीच रीत. मुलगी काळी असो, बुटकी असो, बापाकडे घर नसो, सगळ्याला औषध एकच, पत्रिका. ऐकणारालाही कळतं, सांगणारालाही. कोणाची इज्जत जात नाही.

पण आईला तेवढ्यावर राहवतं कुठं. काकूंना खरं कारणही सांगितलं. "दुसऱ्या कोणाच्या गळ्यात नको पडायले." समाजसेवा. काकू म्हणाल्या, बरं झालं बाई सांगितलं, मी पाहते आता. काकू पाहते म्हणाल्या म्हणजे संध्याकाळच्या आत बातमी नागपूरला.

११ डिसेंबर, गुरुवार

प्राजक्ताचा मेसेज. कॉलची लिंक माझ्या नंबरवरून गेली होती, तिथून उचलला असेल. "ताई, पत्रिका तर आधीच जुळली होती ना. खरं कारण सांगाल का? राग येणार नाही, फक्त कळावं."

लिहिलं: गुरुजींनी पुन्हा पाहिली. तिनं हात जोडलेलं चित्र पाठवलं.

चिवट आहे. मी कधी कोणाला विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही.

ऑफिसात आज नवा रायपूरच्या त्या भल्यामोठ्या हॉलमधल्या सगळ्या मशिनींना घरच्या त्याच दोन ओळी अन् तीच सेटिंग घातली. तिथंही व्हिडिओ फाटायचा, साहेब लोकांची मीटिंग असली की माझ्याच नावानं बोंब व्हायची. शेजारच्या टेबलाचे साहू भैया पाहून म्हणाले, आप तो डॉक्टर हो मैडम. ऐकून घेतलं.

२१ डिसेंबर, रविवार

दुर्गची मुलगी पाहिली. आईचा हुकूम, आता लॅपटॉप-बिपटॉप नाही, समोरासमोर. गाडी करून गेलो. आईनं बांगड्या छान आहेत म्हणत तिचा हात हातात घेतला अन् कोपरापर्यंत उलटसुलट करून पाहिला. मग केस किती लांब म्हणत मान पाहिली. ती पोट्टी उभी राहिली, हसत. मला माझ्या मानेवर काहीतरी फिरल्यासारखं वाटलं.

पसंत. निखिल मोबाइलमध्ये. विचारलं तर "ठीक है, आप लोग देख लो."

२६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी तेलीबांध्याला ऑफिसच्या बसची वाट पाहत होते, तेव्हा प्राजक्ताचा मेसेज. लांबलचक. उभ्या उभ्या वाचला, बस आली तरी वाचतच होते.

नागपूरचं एक स्थळ आलं होतं. त्यांना कुठून तरी कळलं की हिला कोड आहे. मुलाची आई अन् मामी आल्या, हिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. पाठ दाखव, पोट दाखव. हिनं दाखवलं, कारण हिच्याच आईनं दाराबाहेरून सांगितलं, दाखव बाई, एकदाचं होऊन जाऊ दे. काही सापडलं नाही. त्या बायका म्हणाल्या, आज नाही तर उद्या निघेल, घराण्यात असेल. पोहे खाऊन गेल्या.

शेवटी लिहिलं होतं: "हे तुमच्या घरून निघालं असं त्यांनी सांगितलं. ताई, तुम्ही माझ्यात काय पाहिलं?"

फोन पर्समध्ये टाकला अन् बसमध्ये चढले.

आईला वाचून दाखवलं. आईचं म्हणणं, मिळतात ना आजकाल लावायचे रंग, लपवलं असेल. मी म्हटलं, पोटावर अन् पाठीवर? आई म्हणाली, तुला काय करायचं. बरोबर आहे. मला काय करायचं. चट्टे मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

५ जानेवारी, सोमवार

आल्या आल्या लिहायला बसले.

ऑफिसात आज जिल्ह्याजिल्ह्यांची व्हिडिओ मीटिंग. मोठ्या पडद्यावर एकेक साहेब. बस्तरकडच्या एका साहेबांची पाळी आली, खिडकीजवळ बसलेले, उजेड तोंडावर. त्यांच्या गालावर पांढरे चट्टे. कपाळावर. टकलावर तर नकाशाच. बोलताना हात वर केला, हातावर. सगळे चट्टे त्यांच्यासोबत हलून राहिले.

हॉलमध्ये एका माणसाला, एकालाही, वाटलं नाही की साहेबांना कोड आहे. आमचे साहेब लगेच म्हणाले, "डिस्प्ले खराब है, शुभा मैडम को बुलाओ." मी तिथंच उभी होते.

साहू भैया कानाशी म्हणाले, देखो साहब को पुट्टी लगा दिया. हसले सगळे. मी हसले नाही.

तिथल्या मशीनची सेटिंग काढली, ब्राउझर पुन्हा उघडला. साहेबांचा चेहरा साफ. गहूवर्णी, तेलकट, एक मस. पुन्हा घातली, पुन्हा चट्टे. तीनदा करून पाहिलं. आमचे साहेब ओरडले की खेळ काय चालवलाय.

आता कळलं सगळं. समोरून येणारा कॉलचा व्हिडिओ आवळून, म्हणजे कम्प्रेस होऊन येतो, तो हे ग्राफिक्स कार्ड उलगडतं, अन् या ड्रायव्हरमध्ये उजेडातल्या कातडीचा रंग मर्यादेबाहेर गेला की सरळ पांढरा होतो. कोपऱ्यातली आपली चौकट थेट कॅमेऱ्यातून येते, तिला उलगडावंच लागत नाही, म्हणून आपण स्वच्छ. मी तपासायला लावलेली मॅच वेगळ्या प्रकारानं आवळलेली होती, तिच्यात हे होतच नव्हतं. प्राजक्ता उजवीकडे दिवा ठेवून बसली होती. उजवा गाल. मान. हात.

साहेबांचं तोंड बिघडलं की डिस्प्ले खराब. पोट्टीचं बिघडलं की पोट्टी खराब. आम्ही चौघं शिकलेली माणसं, त्यात मी या कामाचा पगार घेणारी, अन् एकाच्याही डोक्यात आलं नाही की स्क्रीन पाहावी. माझ्याही नाही. मला पाहायचंच नव्हतं.

६ जानेवारी, मंगळवार

निखिलला त्याच्या फोनवरून कॉल लावायला सांगितला, गॅलरीत उजेडात उभं केलं. आईला लॅपटॉपसमोर बसवलं. निखिलच्या नाकावर, गालावर चट्टे. आईनं पडद्यावर बोट फिरवलं. मग गॅलरीत जाऊन त्याच्या गालावर फिरवलं. मग परत येऊन बसली.

मी म्हटलं, काकूंना फोन कर, आत्ता.

आई म्हणाली, "काय सांगू? आमचं डबडं खराब होतं म्हणून तुमच्या पोट्टीचं नाव खराब केलं?"

मी म्हटलं, तेच सांग. तेच झालंय.

मग आई बोलली ते असं. दुर्गचं ठरत आलंय. आता असं काही निघालं तर ते म्हणतील, हे कसले लोक, न पाहता न विचारता कोणालाही काहीही म्हणतात. अन् अकोल्याच्या मुलीचं व्हायचं ते झालं, आता काय. मी ऐकलं नाही, वाद घातला. तेव्हा आईनं चष्मा काढला.

"तुले काहून एवढा पुळका? तुले पाच घरांनी सोडलं, कोणी आलं होतं का सांगायले की आमचं चुकलं?"

निखिल फोनमध्ये पाहून राहिला. बाबांनी पेपर खाली ठेवला, पुन्हा उचलला.

आईला कसं बरोबर ठाऊक असतं कुठं मारायचं.

८ जानेवारी, गुरुवार

प्राजक्ताला फोन केला. ऑफिसच्या मागच्या बाजूला, पार्किंगमध्ये उभी राहून. सगळं सांगितलं, सेटिंगसकट. फोनवर लिहून आईला तुझा गाल मीच दाखवला, हेही सांगितलं.

मग म्हणाली, "म्हणजे बिघाड तुमच्या लॅपटॉपमध्ये होता."

हो म्हटलं.

"अन् कपडे मी काढले."

मला वाटलं ती रडेल. रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं, माफी मागता आली असती. तिनं शांतपणे विचारलं, "हे मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं की मला काही नाही. ज्यांना तुम्ही सांगितलं त्यांना सांगा ना." मग घंटा वाजली, तास आहे म्हणून तिनं ठेवला.

११ जानेवारी, रविवार

कानडे काकूंच्या घरी गेले, शंकर नगरला. आईला न सांगता. काकूंनी चिवडा दिला, ऐकून घेतलं, अन् पोट धरून हसल्या. "कम्प्युटरले कुठं कोड होते का, शुभा?" मग गंभीर होऊन म्हणाल्या की समज असेलही तुझं खरं, पण आता पुन्हा विषय काढला तर पुन्हा त्या मुलीचंच नाव निघेल. दाबून टाक. तिच्याच भल्यासाठी.

अन् मी परत येईपर्यंत आईला त्यांचा फोन येऊन गेलेला. आईनं जेवायला हाक मारली नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला. घरात कोणी कोणाशी बोलत नाही, तरी वाटीवाटीनं तिळगूळ वाटला.

निखिल म्हणाला, छोड़ ना ताई, दुर्ग वाला पक्का हो रहा है, क्यों आग लगा रही है. मी विचारलं, तुला ती आवडली होती ना, अकोल्याची? "हाँ तो? मम्मी ने मना किया ना." बस. तिच्यासाठी या पोट्ट्यानं एक शब्द खर्च केला नाही, अन् हा उद्या कोणाचा तरी नवरा होणार.

लॅपटॉप दुरुस्त करायला उघडला. बाबा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, राहू दे. रेल्वेत अपघात झाला की चौकशीवाले पाहून जाईपर्यंत डबा हलवत नाहीत. हलवला की संपलं, मग ज्याला जे वाटेल ते सांगतो.

एवढं बोलून गेले टीव्हीकडे. मी सेटिंग तशीच ठेवली.

१८ जानेवारी, रविवार

आमच्याकडचं हळदीकुंकू. आईनं यंदा मोठं केलं, दुर्गच्या विहीणबाई येणार म्हणून. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. बैठकीत वीसेक बायका, मधे सोफ्यावर कानडे काकू, शेजारी दुर्गच्या बाई. बाबा अन् निखिल बाहेर.

पाहुण्यांना निखिलचे फोटो दाखवायचे म्हणून आईनंच लॅपटॉप टीव्हीला जोडायला लावला. फोटो झाले. मग मी म्हटलं, काकू, तुमचा फोन द्या, तुम्हाला मोठ्या पडद्यावर दाखवते. काकूंना फोटोची भारी हौस. पदर सारखा केला, नथ सरळ केली, खिडकीकडे तोंड केलं. मी त्यांच्या फोनवरून लॅपटॉपला कॉल लावला.

टीव्हीवर काकू आल्या. दोन्ही गालांवर पांढरे चट्टे, हनुवटीवर एक, नथीच्या बाजूला एक.

काकूंनी गाल पदरानं पुसला. टीव्हीवर हातही आला, त्यावरही होते. पुन्हा पुसला, जोरात. बायका एकदा काकूंकडे, एकदा टीव्हीकडे. अन् दुर्गच्या बाई सोफ्यावर जरा सरकल्या. काकू त्यांच्या एवढ्या जवळ होत्या, चेहरा समोर, एक डाग नाही त्यावर, तरी सरकल्या. पदरसुद्धा आवरून घेतला.

मी विचारलं, "काकू, हे तुम्हाला आहे का लॅपटॉपला?"

आई हातात कुंकवाची कोयरी घेऊन उभी.

मग सगळ्यांसमोर सेटिंग काढली, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, काकू स्वच्छ. सांगितलं की अकोल्याच्या प्राजक्ताला हेच होतं, आमच्या घरी, याच लॅपटॉपवर, आणि सेटिंग मी केली होती. तिला कोड नाही. तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी पुढे सांगितलं त्यांनी तिथं तिथं हेही सांगा.

आवाज चढला होता माझा. मजा आली, हेही लिहून ठेवते. काकू गाल पुसत होत्या तेव्हा तर फारच.

बायकांनी वाट्या घेतल्या, गेल्या.

२० जानेवारी, मंगळवार

दुर्गहून निरोप. पत्रिका जुळत नाही.

आई स्वयंपाकघरात खाली बसून राहिली. पातेल्यात दूध उतू गेलं तरी उठली नाही. मी गॅस बंद केला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पहिल्यांदा आपल्या वाट्याला आली ना ती पत्रिका. माझ्या वेळी आली होती तेव्हा ती माझी होती, घराची नव्हती.

२५ जानेवारी, रविवार

रथसप्तमी. हळदीकुंकवांचा शेवटचा दिवस. शेजारच्या बाई येऊन सांगून गेल्या ते असं.

मंडळाच्या हळदीकुंकवाला दरवर्षी कानडे काकू सगळ्यांना कुंकू लावतात. यंदा कोणी त्यांच्या हातचं लावून घेईना. कोणी म्हणे मी आत्ताच लावलं, कोणी म्हणे मला ॲलर्जी आहे. लोक बोलून राहिले की काकूंच्या तोंडावर काहीतरी निघालंय, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. मग साफ झालं तेही पाहिलं ना, असं मी म्हटलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "ते तू नंतर केलं ना काहीतरी कम्प्युटरमध्ये."

म्हणजे डाग खरा, अन् साफ चेहरा माझी करामत.

वीस बायकांसमोर पुरावा ठेवला. त्यांनी त्यातलं पाहिजे ते उचललं. प्राजक्ताच्या नावावरचा डाग पुसायला गेले अन् आणखी एक नाव रंगवून आले. काकूंची दया येते का? नाही येत. थोडी येते.

२९ जानेवारी, गुरुवार

काकू घरी. आठवड्यात वाळल्यात. मला पाहून तोंड फिरवलं, आईशी आत बोलल्या, पण बाहेर ऐकू येईल असंच.

म्हणणं असं: निखिलचं लग्न अकोल्याच्या मुलीशी करून टाका. एकदा का तुमच्याच घरानं ती मुलगी करून घेतली की सगळ्यांना पटेल, कम्प्युटरच खराब होता. मुलीचं नाव साफ, "अन् माझंही, तुमचंही." अकोल्याला त्या बोलल्या आहेत, मुलीची आई तयार आहे.

आईनं वेळ घेतला नाही. दुर्ग गेलं, दुसरं कोणी सध्या येणार नाही. म्हणाली, पत्रिका तर जुळलेलीच आहे.

निखिल म्हणे, "चलेगा. लड़की तो ठीक ही थी."

चलेगा. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. बाबा माझ्याकडे पाहत होते. काही बोलतील असं वाटलं. नाही बोलले. रेल्वेचं एक वाक्य झालं, आता वर्षभर पुरवतील.

३१ जानेवारी, शनिवार

उद्या सकाळी पुन्हा कॉल, दोन्ही घरं. याच लॅपटॉपवर.

हळदीकुंकवाला नुसती ब्राउझरची सेटिंग काढली होती, आज ड्रायव्हरच्या फाइलमधल्या दोन ओळीही काढल्या, त्यांचाही भरवसा नको. व्हिडिओचं काम आता प्रोसेसरकडेच. चित्र पुन्हा मधोमध फाटायला लागलं. फाटलेलं तर फाटलेलं, कातडीला कातडीचा रंग आहे. आई पाहून गेली, म्हणाली, हे फाटणं पण काढ, उद्या चेहरा स्वच्छ दिसायला हवा. मी म्हटलं दोन्ही होत नाही. आईला वाटतं मी मुद्दाम करून राहिले.

दुपारी प्राजक्ताचा मेसेज.

"ताई, आई म्हणते तुमच्याच घरात गेले की पुन्हा कोणी बोलणार नाही. मामा म्हणतो एवढं झाल्यावर दुसरं कोण येणार. शाळेत बायका माझ्या डब्यातलं घेत नाहीत आता. उद्या मी हो म्हणावं असं सगळ्यांना वाटतं. तुम्ही त्या घरात राहता. तुमच्या घरचे लोक कसे आहेत?"

'चांगले आहेत' लिहिलं. खोडलं.

'येऊ नकोस' लिहिलं. खोडलं. मग जाईल कुठं ती? परत आतल्या खोलीत, दार लावून?

'मी आहे ना' असं लिहून बराच वेळ पाहत बसले. मी कोण? जिनं गाल दाखवला ती. खोडलं.

आई पोह्यांसाठी शेंगदाणे भाजून राहिली, घरभर वास आहे. आतूनच विचारलं, अकोल्याहून काही निरोप आला का गं.

नाही म्हटलं. फोन हातातच आहे. तिच्या नावाखाली अजून ऑनलाइन दिसून राहिलं.